नाना भोईरांचे ब्रेक

नाना भोईरांइतका भित्रा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. हे मी चेष्टेने लिहीत नाही. चेष्टा करायला सारा गाव होता, त्यात माझी भर कशाला? नाना विजेला भीत, सापाला भीत, दवाखान्यातल्या वासाला भीत. कल्याणला पुतण्याकडे गेले की लिफ्टला भिऊन जिना चढत, आणि जिना चढताना मध्येच थांबून कठड्यालाही भीत. कोणी हसलं तर शांतपणे म्हणत, "भ्यायला काय पैसं पडत नाय." अशा माणसाच्या दारात एक जुनीपुराणी मोटार उभी होती, आणि गावातल्या प्रत्येक लग्नात ती चालवायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलेलं होतं.

शहापूर तालुक्यात, शेणव्यापासून थोडं आत, एका टेपावर, छोट्या टेकाडावर, वसलेल्या गावातल्या शाळेत मी शिक्षिका म्हणून गेले आणि नानांच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली. नानांची भाताची शेती आणि दारालगत एक छोटी भात भरडायची गिरण. घरात हिराकाकी आणि कॉलेजात जाणारी एकुलती एक मुलगी, दर्शना. आणि पडवीच्या बाजूला पत्र्याखाली ती मोटार. काळी, लांबट, गोल पाठीची, पुढचे दोन दिवे डोळे वटारल्यासारखे. नानांचे वडील एका लाकडाच्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर होते. ठेकेदार धंदा गुंडाळून गेला तेव्हा गाडी वडिलांच्या ताब्यात देऊन गेला आणि न्यायला परत आलाच नाही. पुढे ती रीतसर नावावर झाली. वडील गेले आणि गाडी नानांकडे आली. मला वाटतं, नानांना विचारलं असतं तर त्यांनी तिच्याऐवजी एखादी म्हैस मागून घेतली असती.

पण गावाने त्या गाडीची चाल पाडून ठेवली होती. गावातला नवरदेव लग्नाला निघाला की तिच्यातून, आणि गावातली मुलगी सासरी निघाली की तिच्यातूनच. पूर्वी वरात बैलगाडीतून निघायची, तेव्हा निघण्याआधी पाच सवाष्णी गाडीच्या आसाला तेल घालायच्या, चाकाला हळदकुंकू लावायच्या आणि मग नारळ फुटायचा. बैलगाड्या गेल्या, पण तेल राहिलं. बायका मोटारीच्या चारही चाकांच्या मधल्या वाटोळ्या टोपणावर पळीने तेल सोडत. ते टोपणावरून ओघळून मातीत जायचं. गाडीला त्याचं काही नव्हतं आणि बायकांचं समाधान होत होतं.

गावातून बाहेर पडायला रस्ता एकच, टेपावरून खाली जाणारा चिंचेचा उतार. डाव्या हाताला खाली भाताची खाचरं, उजव्या हाताला मुरुमाची उभी दरड, आणि तळाशी ओढ्यावरची अरुंद मोरी, जिथे एसटी थांबते. माझा नानांच्या गाडीतला पहिला प्रवास या उतारावरचा. मी शहापूरला पंचायत समितीत निघाले होते आणि नाना म्हणाले, चला, सोडतो. मला आनंद झाला. गाडीत बसले तर नानांनी ब्रेकवर तीनदा पाय मारला, खाली उतरून चाकामागे वाकून कुठे ओल दिसते का ते पाहिलं, परत बसले, परत तीनदा पाय मारला. शेजारी हिराकाकी मांडीवर काहीतरी फडक्यात गुंडाळून बसल्या होत्या. मला वाटलं डबा असेल.

उताराच्या तोंडाशी नानांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि म्हणाले, "उतार हाय. आता कोनी बोलू नका."

गाडी मुंगीच्या पावलांनी उतरू लागली. नानांच्या मानेवर घामाचे थेंब दिसत होते. काकींनी फडकं सोडलं. आत पाट्याएवढा दगड होता. त्यांनी दार अर्धं उघडलं, एक पाय बाहेर काढला आणि दगड हातात घेऊन बसल्या. उतार संपेपर्यंत त्या तशाच होत्या. खाली आल्यावर दार लावलं, दगड गुंडाळला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "थांबली नाय तं चाकाखाली टाकायला. ह्यांनीच शिकवलाय." मी शहापूरहून परत येताना एसटीने आले.

काकी स्वतः कशालाच भीत नसत. लहानपणी त्यांनी बैलगाडी हाकली होती, शेतात निघालेला साप त्या काठीच्या टोकावर उचलून बांधापलीकडे टाकत. नवऱ्याच्या भित्रेपणाबद्दल त्या चारचौघांत बोलत आणि त्यात राग नसे. जेवायला वाढताना म्हणायच्या, "ह्यांचं काळीज चिमनीचं. देवानं मानसात घातलं, त्याला जागा मोठी पडली." नाना मान खाली घालून भात कालवत राहायचे. मला मात्र राग यायचा, दोघांचाही. एकाने एवढं भ्यावं का आणि दुसरीने एवढं बोलावं का?

मग म्हसा गावाजवळ एक गोष्ट घडली. गावातल्या एका मुलाचं लग्न मुरबाड तालुक्यात, म्हशाच्या अलीकडच्या गावात होतं. नवरदेव, त्याची बहीण आणि दोन करवल्या गाडीत. मी मागून टेम्पोत होते, त्यामुळे सगळं पाहिलं. मांडवाच्या जरा आधी छोटा उतार होता, उतार म्हणावा असाही नाही. नानांची गाडी तिथे हळू व्हायला हवी होती, ती झाली नाही. मांडवाच्या तोंडाशी ओवाळायला बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. गाडी एकदम शेतात वळली, बांधावरून उडाली आणि पेंढ्याच्या उडवीत जाऊन घुसली. उडवी अंगावर कोसळली आणि गाडी दिसेनाशी झाली. पळत जाऊन आम्ही हातांनी पेंढा उपसला. नवरदेव बाहेर आला तेव्हा त्याच्या बाशिंगात पेंढा अडकला होता, आणि कोणाला खरचटलंही नव्हतं. लोक हसायला लागले. नंतर कित्येक दिवस हसत होते.

नाना हसले नाहीत. ते गाडीतून उतरेनात. दोन्ही हातांनी स्टिअरिंगचं चक्र धरून बसले होते. मी खिडकीशी गेले तेव्हा म्हणाले, "बाई, पायडल पार खाली गेलं. पायाखाली कायच लागलं नाय. विहिरीत पाय टाकल्यावानी झालं." लग्न लागलं, जेवणं झाली, तरी ते गाडीतच होते. मी पानात थोडं वाढून नेलं तर घास त्यांच्या हातातून सांडत होता.

त्यानंतर नानांनी गाडी पत्र्याखाली लावली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. मला वाटलं, सुटले. गावानेही एकदोन लग्नं टेम्पोवर निभावली. पण दर्शनाचं जमलं. मुलगा निलेश, वीज मंडळात कामाला, घर म्हशाजवळच. सुपारी फुटली त्या संध्याकाळी दर्शना बापाशेजारी ओट्यावर बसली आणि म्हणाली, "नाना, सगल्यांच्या पोरींना तुमी आपल्या गाडीतून न्येलं. मी काय टेम्पोतून जाऊ?"

नाना पत्र्याखालच्या ताडपत्रीकडे बघत राहिले. लहानपणापासून ती पोर दारात उभी राहून गावातली एकेक मुलगी त्या गाडीतून जाताना बघत आली होती. तिच्या मागण्यात वावगं काही नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "ब्रेक बदलून घेतो."

"मानूस बदला, ब्रेक काय करतंय," काकी आतून म्हणाल्या.

शहापूरला हायवेच्या कडेला यशवंत नावाच्या मेकॅनिकचं गॅरेज होतं. नाना मला घेऊन गेले, कारण मेकॅनिक काय बोलतो ते एका शिकलेल्या माणसाने ऐकायला पाहिजे असं त्यांचं म्हणणं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण यशवंतने समजावलं. जुन्या गाडीला चारही चाकांना ड्रम होते. बंद डब्यात दोन पट्टे, पाय मारला की ते आतून डब्याला घासतात. तापले की पकड सोडतात. आता पुढच्या दोन चाकांना डिस्क घालू, म्हणजे लोखंडाची उघडी ताटली, आणि तिला दोन्हीकडून चिमटा. शिवाय पायाचा जोर वाढवणारा एक डबा बसवू. मागचे ड्रम तेच राहतील, पट्टे नवे टाकू. ताटलीला जुनी चाकं बसत नाहीत, म्हणून पुढे नव्या गाडीची मोठ्या भोकांची चाकं लागतील.

"चिमटा सुटला तं?" नानांनी विचारलं.

"नाय सुटत."

"नळी फुटली तं?"

"नवी हाय, नाना."

"तुमी लावताना जेवलेलं असाल ना? उपाशी मानसाचा हात हलतो."

यशवंतने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. सामान भिवंडीच्या भंगारबाजारातून आलं. चिमटा धरणारा लोखंडी कंस बसेना म्हणून दुसरा करून घेतला, त्यात लग्न जवळ आलं. या काळात नाना रोज गॅरेजवर जाऊन एका टायरवर बसत आणि यशवंतचे हात बघत. तो वैतागला, पण पुढे पुढे स्वतःच त्यांना प्रत्येक नट दाखवून आवळू लागला.

पहिली चाचणी सर्व्हिस रोडवर झाली. नाना चालवत, यशवंत शेजारी, मी मागे. यशवंत म्हणाला, "हां, मारा ब्रेक." नानांनी जन्मभराच्या सवयीने सगळं वजन पायावर टाकलं. गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि मी पुढच्या सीटच्या पाठीवर आपटले. माझा चष्मा नानांच्या मांडीवर जाऊन पडला. नानांनी तो परत दिला आणि पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "आता मागची गाडी आपल्यावर येल." म्हणजे थांबत नाही याची भीती गेली आणि थांबते याची सुरू झाली. तरी परत येताना मी त्यांना पहिल्यांदा गाडीत गुणगुणताना ऐकलं. चिंचेचा चढ चढून वर आल्यावर त्यांनी गाडी वळवली आणि पुन्हा उतारावर नेली, अर्ध्यात थांबवली, सोडली, थांबवली. काकींना बोलावून दाखवलं. काकी म्हणाल्या, "आता माझा दगड मला मोकला झाला." आणि तो खरंच त्यांनी परसात धुण्याला नेऊन ठेवला.

गाडी ताब्यात देताना यशवंतने माझ्यासमोर नानांना एकच गोष्ट बजावली होती: ताटलीला तेल, वंगण, काही लागता कामा नये, हाताचं बोटसुद्धा लावू नका. चिमट्यातल्या पट्ट्या तेल प्यायल्या की ताटली त्यांच्यात नुसती गुळगुळीत फिरते. नानांनी ते मनावर घेतलं. गल्लीतली पोरं चाकाच्या भोकांतून चमकणारी ताटली बघायला यायची, त्यांना ते लांबूनच ओरडत, "हात लावू नका, भाजंल." तेलाचं बोलले तर पोरं मुद्दाम लावतील, अशी त्यांना भीती. घरातही त्यांनी एवढंच सांगितलं की भाजतं. त्यामुळे सगळ्या गावाला माहीत होतं की ती ताटली गरम असते. तेल चालत नाही, हे नाना, यशवंत आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक होतं.

लग्न दारातच झालं. दुपारी अक्षता पडल्या, जेवणं उठली, ऊन कलायला लागलं तशी पाठवणीची घाई सुरू झाली. पाठराखीण म्हणून दर्शनाच्या मावशीने जायचं होतं, पण तिचा गुडघा धरला, म्हणून मला जायला सांगितलं. मी खोलीत पिशवी भरत होते. नाना मांडवात व्याह्यांच्या पाया पडत होते आणि रडत होते. ते कुठल्याही लग्नात रडत, हे तर घरचं. बाहेर गाडीजवळ काय चाललं होतं ते आम्हा दोघांनाही दिसत नव्हतं. मी बाहेर आले तेव्हा नारळ फुटलेला होता आणि चाकांवर हळदकुंकवाचे मळवट भरलेले होते. ते मी पाहिलं आणि मला चांगलंच वाटलं. डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

पुढे नाना आणि त्यांच्या शेजारी निलेश. मागे दर्शना, मी, आणि आमच्यामध्ये निलेशची पुतणी, करवली म्हणून आलेली, झोपाळलेली. वेशीपर्यंत गाडी बँडच्या मागे पावलापावलाने गेली. देवळापाशी नानांनी एकदा ब्रेक मारला तेव्हा गाडी जरा सरकल्यासारखी वाटली. नंतर ते मला म्हणाले, "मना वाटलं, रडून पाय कापतोय." वेशीवर बँड थांबला. वऱ्हाडी मंडळी आणि त्यांना पोचवायला निघालेल्या गावच्या पोरी आधीच पायवाटेने खाली गेल्या होत्या, मोरीपाशी एसटी उभी होती आणि तिच्याभोवती रस्ताभर लग्नाची माणसं सांडली होती. वरून रंगीबेरंगी दिसत होतं.

उताराच्या तोंडाशी नानांनी पहिला गिअर टाकला. निलेश हसून म्हणाला, "मामा, आता तर डिस्क बसवली. टाका की दुसरा."

"उतार हाय," नाना म्हणाले. "कोनी बोलू नका."

चिंचेच्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. वळणापुढे उतार जास्त आहे. तिथे नानांनी पाय दाबला. गाडी थोडी रेंगाळली आणि पुन्हा चालू लागली. त्यांनी परत दाबला. मी मागून बघत होते, त्यांचा खांदा सीटवरून वर उचलला गेला, इतका जोर होता. पेडल खाली जात नव्हतं. म्हशाला पायाखाली काहीच लागलं नव्हतं, इथे पाय दगडावर ठेवल्यासारखा घट्ट होता आणि गाडी तरीही चालतच होती. मागचे ड्रम एकटे पडले, थोडा वेळ त्यांनी धरलं आणि मग तेही तापले. जळका वास यायला लागला. इंजिन पहिल्या गिअरमध्ये ओरडत होतं. हँडब्रेक नावालाच होता, तो निलेशने ओढला तर नुसता हातात आला.

"थांबत नाय गो," नाना म्हणाले. मग मोठ्याने, लहान पोर रडतं तसं, "थांबत नाय, थांबत नाय." दर्शनाने माझं मनगट धरलं. तिचा हिरवा चुडा माझ्या हाडात रुतला. मी किती भ्याले होते ते मला लिहून सांगता येणार नाही. मला फक्त खालची माणसं दिसत होती आणि ती मोठी मोठी होत होती.

नाना हॉर्न दाबू लागले. त्या गाडीचा हॉर्न सगळ्या गावाच्या ओळखीचा, लग्नाचा. तो ऐकून खालची माणसं बाजूला झाली नाहीत. त्यांनी हात वर केले. पोरी रस्त्याच्या मधोमध येऊन नाचायला लागल्या, एकीने डोक्यावर कळशी घेतली. नाना हॉर्न दाबत होते आणि त्या आणखी जोरात नाचत होत्या. मी खिडकीतून ओरडले, पण इंजिनापुढे माझं मलाच ऐकू आलं नाही.

तेव्हा नानांनी हॉर्न सोडला. रडण्याच्याच आवाजात म्हणाले, "दर्शना, डाव्या अंगाला सरक. पोरीला घे. सगली डाव्या अंगाला सरका." आम्ही सरकलो. निलेश दाराला चिकटला. डावीकडे वळवली असती तर गाडी खाचरात गेली असती, उलटली असती. नानांनी चक्र उजवीकडे घेतलं आणि गाडी दरडीला लावली. टक्कर दिली नाही, लावली. आपल्या बाजूने, स्वतःच्या दाराने. मुरुम आणि पत्रा घासल्याचा असा आवाज झाला की अजून कुठे पत्र्याचं काम चालू असलं की मी रस्ता बदलते. काच फुटली. दार आत चेपत गेलं. गाडी घासत, अडखळत गेली आणि दरडीतून बाहेर आलेल्या एका मोठ्या मुळाला अडून थांबली.

पोरी अजून नाचत होत्या, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर.

आम्ही डाव्या दारांनी बाहेर पडलो. नानांना निलेशने ओढून काढलं. त्यांचा उजवा हात कोपरापासून भलतीकडे वळला होता आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती, ते फक्त एकेकाला मोजत होते. सगळे उभे आहेत हे पाहिल्यावर ते खाली बसले. आणि तेव्हा तो वास मला आला. जळक्या रबराच्या आत दुसरा एक वास, ओळखीचा, घरातला. कढईत तेल फार तापलं की येतो तो. मी पुढच्या चाकाकडे पाहिलं. पूर्वी जिथे बंद टोपण असायचं तिथे आता भोकं होती, आणि भोकांतून आतल्या ताटलीवर हळदीचे पिवळे ओघळ जळून काळे पडले होते. पाच सवाष्णींनी प्रत्येक चाकाला पळी पळी तेल दिलं होतं. सगळं आत गेलं होतं.

नानांनीही पाहिलं. माझ्याकडे बघून त्यांनी वर रस्त्याकडे पाहिलं. वेशीवरून लोक धावत येत होते आणि सगळ्यांत पुढे, नऊवारीचा काष्टा खोचून, हिराकाकी होत्या.

"माती टाका," नाना म्हणाले. आम्हाला कळेना. "जावईबापू, त्या चाकावर माती टाका. बाई, टाका. बिगीनं." निलेशने मुरुमाची ओंजळ भरून चाकावर टाकली. मीही टाकली. काकी पोचेपर्यंत दोन्ही चाकं भुकटीने भरून गेली होती आणि तेलाचं नाव राहिलं नव्हतं.

काकींनी आधी मुलीला चाचपलं, मग नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "काय झालं वो?"

"मी भ्यालो गो," नाना म्हणाले. "मानसं दिसली, एसटी दिसली, नि भ्यालो. घातली कडंला."

तोवर खालची आणि वरची सगळी माणसं गोळा झाली होती. सगळ्यांनी ऐकलं. कोणीतरी हसलंही. काकींनी कपाळावर हात मारला. "एवढं ब्रेक करून आनलं नि तरी भ्यालाव. पोरीच्या पाठवनीला तरी धीर धरायचा व्हता." नानांनी मान खाली घातली. दर्शना काही बोलणार होती, निलेशने तिचा हात दाबला. त्या क्षणापासून तो मुलगा मला आवडला.

दर्शना एसटीतून सासरी गेली. मी तिच्याबरोबर गेले आणि दोन दिवसांनी परत आले तेव्हा नाना शहापूरच्या दवाखान्यात होते, ज्या वासाला ते भीत त्याच वासात. काकी चहा आणायला गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "नाना, सांगून टाका. त्यात त्यांची काय चूक? त्यांना माहीत कुठे होतं?"

"मना म्हाईत व्हतं," ते म्हणाले. "मी सांगलं नाय. भाजंल म्हनून सांगलं." मग म्हणाले, "बाई, ती कशाला भीत नाय. आजवर नाय भ्याली. तिला कलंल की तिच्या हातच्या तेलानं पोर जात व्हती, तं ती आयुष्यभर भीत बसंल. घरात भ्यायला मी एक हाय, पुरे."

यशवंत आला, त्याने चिमटा उघडला, पट्ट्यांचा वास घेतला आणि नानांकडे बघितलं. गावात एव्हाना लोक म्हणू लागले होते की मेकॅनिकने काम नीट केलं नाही. नानांनी प्लास्टरातला हात गळ्यात बांधून गावभर फिरून सांगितलं की ब्रेक उत्तम होते, पाय माझाच चुकला. मग सगळा गाव नानांना हसू लागला. म्हशाची उडवी आणि चिंचेची दरड या दोन गोष्टी एकापुढे एक सांगायची पद्धतच पडली. नाना समोर असले तरी सांगत. मला तिथून उठून जावंसं वाटे.

गाडी दुरुस्त झाली, नव्या पट्ट्या बसल्या. लोकांनी पुन्हा मागायला सुरुवात केली, कारण नानांचं भ्यालेपण त्यांना नवं नव्हतं आणि गाडीशिवाय वरात त्यांना चालत नव्हती. आता प्रश्न तेलाचा. मी म्हटलं, सरळ सांगा, मेकॅनिकने तेल नको म्हटलंय. नाना म्हणाले, "ती इचारंल, कवा म्हनला? लग्नाच्या आदी का मागनं?" काकींना दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नसता, हे खरंच होतं. नव्याने एक खोटं सांगावं तर नानांना खोटं बोलायचीही भीती वाटे.

माझी बदली मुरबाडकडे झाली. त्यानंतर एकदाच गेले, शेजारच्या घरातल्या मुलीच्या लग्नाला. पाठवणीच्या वेळी मी या खेपेला मुद्दाम गाडीजवळ जाऊन उभी राहिले. सवाष्णी ताट घेऊन आल्या, पुढे काकी, हातात तेलाची वाटी. आणि गाडीच्या पुढच्या चाकाला पाठ लावून, पाटावर बसावं तसे, नाना जमिनीवर बसलेले. पांढऱ्या शर्टाची बाही वर सारलेली, तो वाकडा जुळलेला कोपर पुढे केलेला.

"आदी माझ्या हाताला लावा," ते म्हणाले. "ठनकतोय. सवाष्नींच्या हातचं तेल लागलं की बरं वाटतं."

बायका हसून हसून वाकल्या. काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा बाई, प्रत्येक वरातीला ह्यांचा ह्योच तमाशा. चाकाच्या आदी ह्यांना तेल पायजे." पण त्या बसल्या, आणि कोपरावर तेल सोडून चोळू लागल्या. मग दुसरीने सोडलं, तिसरीने सोडलं. तेल मनगटावरून ओघळून धोतरावर सांडत होतं. नाना कोणाच्याच तोंडाकडे बघत नव्हते. त्यांची नजर वाटीवर होती. वाटी पालथी झाली तेव्हा त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

मग काकी उठल्या, आणि चालीप्रमाणे चाकाला हात लावून नमस्कार करायला वाकल्या. त्यांचा हात तेलाने चपचपीत होता. नानांनी तो मध्येच धरला. काकी म्हणाल्या, "सोडा, मानसं बघतात." नानांनी सोडला नाही. साऱ्या वरातीसमोर त्यांनी तो हात आपल्या पांढऱ्या शर्टाला, छातीवर, पुसायला घेतला. लोक शिट्ट्या मारत होते, काकी लाजून तोंड फिरवत होत्या. नाना त्यांचं एकेक बोट कोरडं करत होते.